काळ्या साडीवर हाताने टिकल्या लावतेय, टाके टिकतील ना?

वेल्हाळ · २ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

सुनेची पहिली संक्रांत आहे. विकतची काळी साडी तिला नको. "आई, तुम्हीच काहीतरी करा ना," म्हणाली. मी अशी काही फुशारले, की हो म्हणून बसले. साधी काळी जॉर्जेट आणली, लाल काठाची. चंद्रकळेसारखं करायचं डोक्यात आहे: अंगभर विरळ चांदण्या आणि पदरावर दाट. प्रत्येक चांदणी म्हणजे चार मिलिमीटरची रुपेरी टिकली आणि तिच्या मधोमध एक बारीक मणी.

वीस टिकल्या लावून झाल्या. आता साडीकडे बघायची भीती वाटतेय.

कापडाला टिकलीभोवती चुण्या पडल्यात. मागे दोरा एका टिकलीवरून दुसरीवर तसाच ओढत नेलाय, तो ताणला की दोन्हीकडे कापड गोळा होतं. आणि काल एका कोपऱ्यावर हौसेने इस्त्री फिरवली तर तिथल्या तीन टिकल्या द्रोणासारख्या वळल्या. एक तर इस्त्रीलाच चिकटली.

भीतीचं कारण वेगळंच आहे. मागच्या वर्षी भाच्याच्या लग्नात मी तयार वर्कचा ब्लाउज घातला होता. बाहीच्या कडेचा एक दोरा बांगडीत अडकला, मी सहज ओढला, आणि सर्रर्र करत अख्खी ओळ उसवली. मांडवात मणी सांडले. मी आणि ताई खुर्च्यांखाली वाकून वेचतोय, वर मंगलाष्टकं चालू. सुनेचं हळदीकुंकवाला असं व्हायला नको.

तर टाका नेमका कसा घालायचा? दोरा कोणता? आणि हे संक्रांतीपर्यंत पुरं तरी होईल का?

---

सुईत_दोरा · २ डिसेंबर

आधी इस्त्री बंद करा बरं! टिकल्या प्लास्टिकच्या असतात, उष्णतेने आक्रसतात. वाफेनेही वळतात. कापडाला जी काय इस्त्री करायची ती टिकली लावायच्या आधी. नंतर अगदीच वेळ आली तर जाड टॉवेलवर साडी पालथी घाला, वर सुती पंचा, इस्त्री सगळ्यात कमी आचेवर. तीही आधी सुट्या टिकलीवर करून बघा.

---

पोतमाळ · २ डिसेंबर

वेल्हाळताई, वीसच लावल्यात ना? मग उसवा. वाईट वाटून घेऊ नका, मी पहिल्या ओढणीवर दीडशे उसवल्या होत्या.

चुण्या आणि मागचा दोरा ही एकच भानगड आहे. विरळ कामात दोरा ओढत न्यायचाच नाही. प्रत्येक टिकली स्वतंत्र. एक पडली तर एकच पडते, शेजारणीला घेऊन जात नाही. शिवाय साडीच्या मागे लोंबते दोरे असले की ते जोडव्यात अडकतात, पैंजणात अडकतात. चालता चालता खस्सकन ओढलं की जॉर्जेटचा धागाच सरकतो, आणि ती रेघ मग जात नाही.

मी कशी लावते ते सांगते. बारा नंबरची बारीक सुई, पॉलिस्टरचा काळा दोरा एकेरी, हातभर लांब, त्याहून लांब घेऊ नका. दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्यायचा, म्हणजे पिळ बसत नाही आणि गुंता होत नाही. सुरुवातीला गाठ मारू नका. जॉर्जेटची वीण इतकी सैल की गाठ आरपार निघून येते. त्याऐवजी जिथे टिकली बसणार तिथेच दोन-तीन धागे उचलून जागच्या जागी दोन उलट्या टिपा घाला. त्या टिकलीखाली झाकल्या जातात.

मग सुई वर, टिकलीच्या भोकातून, मग मणी, आणि मण्याला वळसा घालून परत टिकलीच्या त्याच भोकातून खाली. मणी भोकापेक्षा मोठा असल्यामुळे तोच कुलपाचं काम करतो, दोरा कुठे दिसत नाही. हे एकदा झालं की तसंच पुन्हा एकदा. दुसऱ्या फेरीला आळस केला की मणी डुगडुगतो, आणि डुगडुगणारा मणीच आधी पडतो.

ओढायचं किती? टिकली कापडावर टेकली की थांबा. आणखी ओढलं की कापड तिच्या पोटात शिरतं, त्याच तुमच्या चुण्या. मी टिकली लावून झाल्यावर नखाने हळूच फिरवून बघते. ती अडखळत फिरली पाहिजे. गरागरा फिरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

शेवटी मागच्या बाजूला त्या दोन टिपांतून सुई घालून दोनदा फास मारा आणि अर्धा सेंटिमीटर शेपूट ठेवून कापा. अगदी गाठीशी कापलं तर पॉलिस्टरचा दोरा निसटतो.

---

डकवू · ३ डिसेंबर

एवढा उपद्व्याप कशाला? कापडाचा गोंद मिळतो. थेंब टाका, टिकली ठेवा, झालं. एका दुपारी साडी तयार.

---

पोतमाळ · ३ डिसेंबर

जाड कापडाच्या पिशवीवर लावा खुशाल. जॉर्जेटमधून गोंद खाली झिरपतो, मागे कडक ठिपका पडतो आणि काळ्यावर तो पांढुरका दिसतो. ड्रायक्लीनला दिली की टिकल्या धोब्याकडे, ठिपके तुमच्याकडे.

---

डकवू · ३ डिसेंबर

बरं बाई, चुकलो.

---

गणिती_गवळण · ३ डिसेंबर

पुरं होईल का, ते मोजूनच बघू.

साडी साडेपाच मीटर, म्हणजे साधारण २१६ इंच. पन्हा ४५ इंच. पाच-पाच इंचांवर टिकली धरली तर अख्ख्या साडीत ३९० च्या आसपास. पण नेसताना पहिला वेढा निऱ्यांखाली आणि दुसऱ्या वेढ्याखाली जातो. तो मीटरभर कोरा सोडा, ७० वाचल्या. पदराचा मीटर वेगळा धरा, आणखी ७० वजा. उरल्या सुमारे २५०. पदरावर दोन-दोन इंचांवर लावल्या तर ४४०. एकूण ६९०.

पोतमाळताईंच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक टिकलीला सुरुवात-शेवट धरून, हात बसल्यावर तीन मिनिटं लागतात. ६९० म्हणजे साडेचौतीस तास. आजपासून संक्रांतीला ४२ दिवस आहेत, म्हणजे रोज पन्नास मिनिटं. एक मालिका बुडेल फक्त.

वजनाची काळजी करणारं कोणी यायच्या आत तेही सांगून टाकते. दोन मिलिमीटरचे मणी ग्रॅमला साधारण ११० बसतात. तुमचे सगळे मणी मिळून सात ग्रॅमसुद्धा नाहीत.

---

वेल्हाळ · ३ डिसेंबर

गवळणबाई, तुमच्या पाया पडते! "खूप काम आहे" ऐकून जी धडकी भरते, ती "रोज पन्नास मिनिटं" ऐकून भरत नाही.

वीसच्या वीस उसवल्या. रोज दुपारी जेवणं आवरल्यावर बसणार. एक शंका: फॉल आधी लावू की टिकल्या आधी? आणि पदराच्या कडेला काचेच्या लांब नळ्या लावायचा विचार आहे, दुकानात त्यांना पाइप म्हणत होते.

---

अड्ड्यावरचा · ४ डिसेंबर

पुरुष असून या धाग्यावर लिहितोय. वडिलांचा मुंबईत आरी-जरदोसीचा लहानसा कारखाना होता. शाळेतून आलो की अड्ड्याखाली, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीखाली, बसून सांडलेले मणी वेचायचं काम माझं. किलोभर धुळीतून वाटीभर मणी निघायचे, चाळणीने चाळून.

तुमच्या ब्लाउजचं काय झालं ते आधी सांगतो. तो हाताच्या सुईचा टाका नव्हता, आरीचा होता. आरी म्हणजे पुढे आकडा असलेली सुई. कारागीर कापडाखाली दोरा धरतो, वरून आरी खुपसून दोरा फासासारखा वर ओढतो, आणि प्रत्येक फासात पुढचा फास. मागून बघाल तर साधी टीप दिसते, वरून साखळी. वेग विलक्षण. जिथे तुम्ही एक मणी लावाल तिथे आमच्याकडचा कारागीर वीतभर ओळ संपवायचा. पण साखळीचा गुण हाच आणि दोषही हाच: शेवटचा फास नीट अडकवला नसेल तर टोक ओढताच सगळी साखळी सुटते, पोत्याच्या तोंडाची शिवण सुटते ना, तशी. चांगला कारागीर ओळ संपली की दोन उलटे फास घेऊन दोरा मागे बांधतो. घाईच्या मालात हेच सुटतं. लग्नसराईत रात्री दोन-दोनपर्यंत अड्डे चालतात, मजुरी नगावर. तिथे गाठीला कोण वेळ देणार? कारागिराला दोष देऊन उपयोग नाही.

यावर घरगुती उपाय आहे. तयार वर्कचा ब्लाउज घरी आणला की घालायच्या आधी पालथा करा, आणि साध्या सुईदोऱ्याने प्रत्येक ओळीच्या टोकाला तीन-चार पक्के टाके घाला. अर्ध्या तासाचं काम.

फॉलचं: फॉलमागे झाकली जाणारी खालची पट्टी आधी टिकल्या लावून संपवा, फॉल मग. सगळ्या गाठी फॉलखाली जातात, जोडव्यांचा प्रश्न मिटतो. अगदी कडेचे दोन इंच मात्र कोरे ठेवा, तिथे चपलेची टाच लागते.

पाइप: लावा, पण नळीची तोंडं काचेची असतात, धारदार. दोरा तिथेच कापला जातो. म्हणून नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक गोल मणी घ्या. दोरा मण्याच्या गुळगुळीत भोकातून वळतो, काचेच्या कडेवरून नाही. आणि दोरा दुहेरी.

ब्लाउजलाही काही करणार असाल तर कापड कापायच्या आधी करा, शिलाईची जागा सोडून. शिलाईत मणी आला की मशीनची सुई तुटते आणि शिंपी तुमच्या नावाने बोटं मोडतो.

---

वेल्हाळ · ४ डिसेंबर

दादा, पुरुष असून काय, रोज लिहा! खुणा कशा करायच्या तेही सांगा ना. मी अंदाजाने लावत होते, तर चांदण्या एका बाजूला गर्दी करून बसल्या.

---

अड्ड्यावरचा · ५ डिसेंबर

आमच्याकडे खाका असायचा. बटर पेपरवर नक्षी काढायची, तिच्या रेषेवर सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून बोळा फिरवायचा. गडद कापडाला सफेदा आणि घासलेट कालवून, फिक्या कापडाला नीळ. घासलेट उडून जातं, पांढरे ठिपके राहतात. आमच्या घरातल्या गणवेशांना, वह्यांना, पोळ्यांनासुद्धा तो वास असायचा.

तुम्ही घासलेटच्या भानगडीत पडू नका. जाड कागदाचा हातभर चौकोन घ्या, पाच-पाच इंचांवर भोकं पाडा, पण दुसरी ओळ पहिलीच्या मधोमध येऊ द्या, विटांच्या भिंतीसारखी. मग प्रत्येक भोक अर्धा-एक इंच इकडेतिकडे सरकवा, नाहीतर आकाश वहीच्या चौकटीसारखं दिसेल. भोकातून शिंप्याच्या पांढऱ्या खडूच्या टोकाने टिंब. एका वेळी दोन दिवसांच्या कामापुरतीच टिंबं करा, खडू झडतो.

---

खणआळी · ५ डिसेंबर

पुण्यात असाल तर रविवार पेठेत जा. मुंबईत भुलेश्वर. नुसतं "बारीक मणी द्या" म्हणू नका, प्रत्येक दुकानाचं बारीक वेगळं असतं. टिकली बरोबर न्या आणि तिथेच तिच्यावर मणी ठेवून बघा. भोकातून पडला तर बारीक, टिकली झाकली तर मोठा. आणि सगळा माल एकदम घ्या. रुपेरीत शंभर छटा असतात, पंधरा दिवसांनी गेलात तर तीच मिळेलच असं नाही.

रंग पक्का आहे का ते घरी तपासा. ओल्या पांढऱ्या रुमालात चार टिकल्या, चार मणी गुंडाळून रात्रभर वाटीखाली दाबून ठेवा. सकाळी रुमालावर काही उमटलं तर तो माल परत.

---

सातासमुद्रापार · ६ डिसेंबर

इकडे न्यू जर्सीत मणी नंबरावर मिळतात, म्हणून परदेशातल्या वाचकांसाठी: नंबर जितका मोठा तितका मणी लहान. ११/० म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, ८/० तीन, ६/० चार. चार मिलिमीटरच्या टिकलीवर ११/० चपखल बसतो. जपानी मण्यांची भोकं मोठी आणि एकसारखी असतात, सुई अडकत नाही.

अवांतर: टिकलीला इंग्रजीत सिक्विन म्हणतात, ते नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलं, आणि त्या नाण्याचं नाव अरबी सिक्कावरून. म्हणजे आपलाच सिक्का जग फिरून टिकलीच्या रूपाने परत आला! १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या कबरीतल्या कपड्यांवरही सोन्याच्या चकत्या शिवलेल्या होत्या. पुढे १९३० च्या सुमारास जिलेटिनच्या टिकल्या निघाल्या. हलक्या आणि स्वस्त, पण पाण्यात विरघळणाऱ्या. पावसात भिजली की बाईच्या अंगावर नुसता चिकटा.

---

सुईत_दोरा · ६ डिसेंबर

नाण्यांवरून आठवलं. आमच्या यवतमाळकडे बंजारा बायकांच्या जुन्या कांचोळीवर खरी नाणी, कवड्या, आरसे असत. चालताना आवाज यायचा. त्या टाक्यांपुढे आपण सगळ्या बालवाडीत.

---

वेल्हाळ · १९ डिसेंबर

प्रगती: २९० लागल्या. अंगावरच्या सगळ्या झाल्या, पदराला हात घातलाय. पहिल्या दिवशी एका टिकलीला सात मिनिटं, आता अडीच.

आता घरात वाद. टिकली वाटीसारखी आहे. मी वाटी वर करून लावतेय, मणी आत छान बसतो. जाऊबाई म्हणतात उलटी लाव.

---

पोतमाळ · १९ डिसेंबर

दिसायला वाटी वरच छान. पैलूंवर उजेड पडतो, लखलखते.

---

अड्ड्यावरचा · १९ डिसेंबर

मी जाऊबाईंच्या बाजूचा. वाटी वर असली की तिची कड कापडापासून उचललेली राहते. साडी घडीत घासते, पदर खांद्यावर घासतो, केसांत अडकतो. पालथी वाटी कापडाला घट्ट बिलगते. चमक थोडी कमी, पण टिकते. गाऊनवर वाटी वर, साडीवर पालथी.

---

पोतमाळ · २० डिसेंबर

मग हळदीकुंकवाला अंधारात बसवा सुनेला.

---

गणिती_गवळण · २० डिसेंबर

भांडू नका. २९० वाटी वर करून लागल्यात त्या राहू द्या. पदराचा खांद्यावर येणारा भाग तेवढा पालथा करा, लांबून कळत नाही.

---

माजघर · २८ डिसेंबर

उशिरा आले, पण एक कोणीच कसं लिहिलं नाही? पहिली संक्रांत म्हणजे हलव्याचे दागिने! हलव्याचा काटा टिकलीच्या कडेत अडकतो आणि मग एकतर टिकली जाते नाहीतर हलवा फुटतो. माझ्या मुलीच्या वेळी गळ्यातला हार पदरात असा अडकला की सोडवताना चार मणी गेले आणि हाराचं पदकही. डाव्या खांद्यापासून छातीवर पदर जिथे येतो तो वीतभर पट्टा कोराच ठेवा. हार तिथे येणार, रिकामं दिसणारच नाही. बाजूबंद असेल तर तो उजव्या हाताला.

---

वेल्हाळ · २८ डिसेंबर

अरे देवा. तिथे चाळीसेक लावून झाल्यात. सुनेला साडी नेसवून, कागदाचा हार करून, जागा आखून घेतली. आज रात्री उसवणं.

---

सातासमुद्रापार · २९ डिसेंबर

उसवताना पुढून कापू नका. मागून शेपूट शोधून फक्त ती गाठ कापा, टिकली-मणी अलगद हातात येतात. खाली पांढरं ताट ठेवा.

आणि नंतरच्या जपणुकीबद्दल: हँगरला लावू नका, जॉर्जेट ओघळतो. पालथी करून, मधे मलमलचं कापड घालून सैल घडी. अत्तर साडीवर मारू नका, मुलामा काळवंडतो. धुवायचीच तर गार पाण्यात बुचकळून, न पिळता, टॉवेलवर पसरून.

---

वेल्हाळ · १६ जानेवारी

झालं एकदाचं हळदीकुंकू! शेवटची टिकली ११ तारखेला रात्री लागली. एकूण ६५२, गवळणबाईंच्या हिशेबाला हाराचा पट्टा कमी.

दिवसा साडी नुसती काळी दिसत होती, माझं तोंड एवढंसं झालं. संध्याकाळी दिवे लागले, सून वाण द्यायला वाकली आणि पदर हलला. समोरच्या काकू कुंकवाचं बोट तसंच हवेत धरून बघत राहिल्या. खांद्यावरच्या पालथ्या टिकल्या कुणाला कळल्याही नाहीत. पोतमाळताई, तुमच्या वाटीवरच्या मात्र भिंतीवर कवडसे पाडत होत्या.

रात्री साडी पालथी करून सगळी तपासली. तीन टिकल्या गेल्या. तिन्ही कमरेजवळच्या, जिथे ती पदर खोचते. शेजारच्या सगळ्या जागेवर. एक सोफ्यात मिळाली, एक काळ्या मांजराच्या पाठीवर. तिसरी बहुतेक तिळगुळातून कुणाच्या तरी पोटात गेली.

---

माजघर · १६ जानेवारी

फोटो टाका की!

---

डकवू · १६ जानेवारी

तिसरी गोंदाने चिकटवली असती तर...

---

पोतमाळ · १६ जानेवारी

डकवू, उठा आणि सुईत दोरा ओवा.